ठेव मोडू नका, व्याज मी भरते

आखेन, जर्मनी, 16 नोव्हेंबर 2025

ती. आई-बाबांना,
सा. नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही पुढच्या वर्षासाठी मुदत ठेव मोडायचं म्हणालात. तेव्हा घाईत नीट बोलता आलं नाही, म्हणून सगळा हिशोब लिहूनच पाठवते. ठेव मोडायची नाही. मुदतीआधी मोडली की बँक व्याज कापते, आणि ते पैसे तुमच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचे आहेत. ते तिथंच राहू देत.

आधी माझ्या शिक्षणकर्जाचं. बारा लाखांवर दहा टक्क्यांनी महिन्याला दहा हजार व्याज होतं. शिक्षण संपेपर्यंत हप्ता नाही हे खरं, पण व्याज चढतच असतं. दोन वर्षांचं 2 लाख 40 हजार होईल, ते हप्ते सुरू होताना मुद्दलात जाईल, आणि मग व्याजावरही व्याज बसेल. म्हणून या महिन्यापासून ते मी इथून भरणार. युरो सध्या शंभर रुपयांच्या वर आहे, त्यामुळे शंभर युरोंच्या आत भागतं. शिकतानाच व्याज भरत राहिलं तर काही बँका दरात 1 टक्का सूट देतात. आपल्याला मिळेल का, एवढं शाखेत विचारून या.

आता हे शंभर कुठून, तर ब्लॉक खात्यातून, म्हणजे व्हिसासाठी वर्षभराचा खर्च आधीच भरून ठेवला ते खातं. तिथल्या 11,904 युरोंमधून महिन्याला 992 हातात येतात. खोलीचे 370, आरोग्य विम्याचे साधारण 145, फोनचे 10. सेमिस्टरच्या फीसाठी दरमहा 55 बाजूला काढते; त्या फीतच बस आणि लोकल गाड्यांचा पास येतो, त्यामुळे प्रवासाला वेगळा पैसा लागत नाही. रेडिओ-टीव्हीची सक्तीची वर्गणी 18.36 युरो आहे, पण ती माणशी नसून घरटी असते. आम्ही तिघी एका घरात, म्हणून माझ्या वाट्याला 6.12. खाण्यापिण्याला 170. एवढं सगळं जाऊन 236 उरतात. त्यातले शंभर युरो, पैसे आल्याच्या दिवशीच, तुमच्या खात्यावर पाठवीन. महिनाअखेरीला उरेल ते पाठवू म्हटलं तर काहीच उरत नाही, हे मी आजूबाजूच्या मुलांचं रोज बघते.

आई, 170 वाचून मी उपाशी राहते असं समजू नकोस. इथं रविवारी दुकानं बंद असतात, म्हणून शनिवारी यादी करून एकदाच बाजार करते. तूरडाळ भारतीय दुकानात महाग पडते. तुर्की दुकानात मसूर, हरभरे, कोथिंबिरीची मोठी जुडी स्वस्त मिळते, म्हणून सध्या मसुराची आमटी आणि त्यात तुझा कांदा-लसूण मसाला. काल त्यातच पालक घातला होता, छान झाली. दुपारी विद्यापीठाच्या खानावळीत गरम जेवण मिळतं, ते मी चुकवत नाही. पाण्याची एकदाच वापरायची बाटली किंवा कॅन घेतला की त्यावर 25 सेंट अनामत असते. रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात घातली की चिठ्ठी मिळते आणि तेवढे पैसे बिलातून वजा होतात. आमच्या घरातल्या बाटल्या मीच नेते.

प्रत्येक वस्तूची किंमत रुपयांत मोजायचं मात्र मी सोडून दिलं आहे. तसं केलं तर सफरचंदसुद्धा घेववत नाही, आणि तब्येत बिघडली तर ते जास्त महागात पडेल. 992 मध्ये बसतं का, एवढंच बघते.

प्रयोगशाळेतल्या कामाचा पगार वेगळ्या खात्यात जातो. त्याला मी हात लावत नाही. एप्रिलपासून ब्लॉक खातं संपेल, तेव्हा खोली आणि जेवण त्यातून चालेल. व्हिसा वाढवताना पैसे दाखवावे लागतात, तेव्हाही ते खातं कामी येईल. बाबा, तुम्ही रविवारची जादा शिकवणी घेता, ती आता बंद करा. मला मनापासून वाटतं म्हणून लिहिते. जिने चढून तुमचा गुडघा सुजतो, हे आईनं मला सांगितलंय.

दिवाळीचं पार्सल राहिलं म्हणून आता कुरिअर करू नका, फराळापेक्षा कुरिअरचाच खर्च जास्त होईल. माझ्या वर्गातला एक मुलगा जानेवारीत पुण्याहून परत येणार आहे. त्याच्याकडे अर्धा किलो मसाला आणि थोडी शेंगदाण्याची चटणी द्या, बाकी काही नको. पैसे जमा झाले की पासबुकाचा फोटो पाठवा.

तुमची,
मनू