कोल्हापूरच्या वायरमन मामांना अनावृत आभारपत्र

आदरणीय मामा,

सादर नमस्कार.

माझ्या जुन्या पिकअपचे दिवे दुरुस्त करून घेऊन आपल्या गॅरेजमधून निघताना मी आभार मानू लागलो, तेव्हा "आधी घाट उतरून बगा, मग बोला" असे म्हणून आपण पुढच्या गाडीचे बॉनेट उघडलेत. त्यानंतर आंब्याच्या उरलेल्या हंगामात त्या पिकअपने करूळ घाटाच्या अकरा खेपा रात्रीच्या केल्या. आता मला बोलायचा अधिकार मिळाला असे समजून हे पत्र लिहीत आहे. ते उघडपणे लिहिण्याचे कारण एवढेच, की उजेड कमी पडतो म्हणून मोठा बल्ब घालण्याची माझ्यासारखी चूक करून आपल्या दारात येणारे आणि न येता आणखी एक चूक विकत घेणारे जुन्या गाड्यांचे मालक पुष्कळ आहेत.

गाडी आपल्या ओळखीची आहेच, पण वाचणाऱ्यांसाठी सांगतो. महिंद्राची १९८७ सालची पिकअप, तोंड जीपचे आणि मागे लोखंडी हौदा. वडिलांच्या माघारी ती विकण्याचा विषय घरात दोनदा निघाला आणि दोन्ही वेळा आईने तो मिटवला. देवगड तालुक्यातल्या आमच्या बागेतून संध्याकाळी पेट्या भरायच्या आणि विजयदुर्ग रस्त्याने तळेरे, पुढे वैभववाडी, करूळ घाट, गगनबावडा असे करत पहाटेच्या सौद्याला कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात पोहोचायचे, हा तिचा हंगामातला दिनक्रम. म्हणजे गाडी जुनी असली, तरी तिचे काम रात्रीचेच.

मूळचे दिवे सीलबीमचे होते. काच, परावर्तक आणि तार यांचा तो एकच बंद दिवा. तार तुटली की सगळाच टाकून द्यायचा. अमेरिकेत १९४० साली रूढ झालेले ते सात इंची गोल माप जीपला लागले, ॲम्बेसेडरला लागले आणि बुलेटलाही लागले, म्हणून त्या मापाचा दिवा आजही कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळतो. ही सोयच मला भोवली. उजेड पिवळट आणि मरगळलेला पडतो म्हणून मी एच-४ (दोन तारांच्या हॅलोजन) बल्बाचे नवे दिवे ऑनलाइन मागवले, आणि एका दुकानदाराच्या सांगण्यावरून त्यात ६०/५५ वॅटऐवजी १००/९० वॅटचे बल्ब घातले. पहिल्या रात्री उजेड वाढल्यासारखा वाटला. आठवड्याभरात बॉनेटखालून जळका वास येऊ लागला, तो मी इंजिनाच्या नावावर खपवला.

एप्रिलमधल्या एका रात्री, घाट अर्धा चढून झाला असताना, समोरून येणाऱ्या ट्रकसाठी मी पायाखालचा डिपर, म्हणजे झोत खाली-वर करणारा स्विच, दाबला आणि दोन्ही दिवे एकदम गेले. दरी आपल्या बाजूला आहे की पलीकडे, हे त्या क्षणी मला आठवेना. ट्रकच्या उजेडात कठडा दिसला, म्हणून गाडी थांबवता आली. पुन्हा डिपर दाबल्यावर अप्पर (वरचा झोत) लागला, आणि उरलेला घाट मी येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या शिव्या खात अप्परवरच चढलो.

पेट्या उतरवून मी थेट उद्यमनगरात आपल्या गॅरेजवर आलो, ते एलईडीची महागडी जोडी बसवून घेण्याच्या तयारीने आणि तेवढे पैसे खिशात घालून. आपण ती जोडी मला सहज विकू शकला असता. त्याऐवजी आपण दिव्याचा होल्डर उपसून माझ्या हातात ठेवलात. त्याची एक बाजू वितळून मेणासारखी ओघळली होती आणि एका पिनेभोवतीचे प्लॅस्टिक काळे पडले होते. मग आपण जे म्हणालात ते मी अजून विसरलो नाही: "दिवा चांगला हाय की. पर त्येला खायालाच मिळंना, त्येला त्यो काय करणार?"

त्यानंतरचा अर्धा तास हा माझ्या दृष्टीने आपल्या उपकाराचा खरा भाग आहे, कारण आपण नुसती दुरुस्ती केली नाही, तर मला ती समजेपर्यंत हातातले काम थांबवून ठेवलेत. इंजिन चालू ठेवून, डिपर (खालचा झोत) लावून आपण मीटर बॅटरीवर धरलात, तेव्हा आकडा आला १३.९ व्होल्ट. तोच मीटर होल्डरच्या दोन पिनांवर धरलात, तर ११.२. आपल्या मुलीने दोन्ही आकडे बिलाच्या पाठीवर लिहून वजाबाकी केली, २.७ व्होल्ट वाटेतच गडप होत होते. मग आपण मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी दिव्याच्या अर्थिंगला, म्हणजे करंट बॅटरीकडे परत नेणाऱ्या जोडणीला, लावलीत. तिथे जवळजवळ शून्य दिसायला हवे होते, दिसले ०.९. म्हणजे एक तृतीयांश चोरी येण्याच्या नव्हे, तर परतीच्या वाटेवर होत होती: खाऱ्या हवेने बॉडीला गंज चढला होता आणि अर्थिंगचा बोल्ट त्याच गंजावर आवळलेला होता.

उरलेल्या चोरीची वाटही आपण बोट ठेवून दाखवलीत. या गाडीत बॅटरीचा करंट डॅशबोर्डावरच्या स्विचमध्ये जातो, तिथून पायाखालच्या डिपरमध्ये आणि तिथून पुढे दोन्ही दिव्यांना, आणि हा सगळा प्रवास कंपनीतून आलेल्या बारीक वायरीतून होतो. डिपरचा स्विच उघडलात, तेव्हा आत आमच्या बागेतली तांबडी माती आणि पितळी टोकांवर हिरवा कळंक होता. घाटात दिवे गेले ते इथेच. या वाटेवर मी डिपरला ९० वॅट खाणारे दोन बल्ब लादले होते, म्हणजे सुमारे १५ अँपिअरचा भार. जितका करंट जास्त, तितकी बारीक वायरीतली गळती जास्त, हे शाळेत शिकलेले मला आपल्या बाकड्यावर बसून कळले. शिवाय तारेच्या बल्बाचा स्वभाव असा, की व्होल्टेज दहा टक्के घटले तर उजेड जवळजवळ तीस टक्के घटतो. माझ्याकडे व्होल्टेज वीस टक्क्यांच्या आसपास घटत होते, त्यामुळे मोठ्या बल्बाचे पैसे मोजून मी निम्म्याच उजेडात गाडी हाकत होतो आणि उरलेली वीज होल्डर वितळवण्याच्या कामी येत होती.

दुरुस्ती त्या मानाने साधी निघाली. एक रिले (बारीक करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट जोडणारा स्विच) डिपरला, एक अप्परला. रिलेच्या ३० नंबरच्या पायाला बॅटरीकडून फ्यूज घालून अडीच एमएमची वायर, ८७ वरून तितकीच जाड वायर थेट दिव्याला, ८५ ला अर्थिंग आणि ८६ वर जुन्या डिपरकडून येणारी बारीक वायर. जुना स्विच आता नुसता हुकूम सोडतो, ओझे रिले वाहतो. डिपरची टोके आपण घासून लख्ख केलीत, दिव्यांचे अर्थिंग बॉडीवर न सोडता थेट बॅटरीपर्यंत नेलेत, होल्डर नवे घातलेत आणि माझे १००/९० चे बल्ब काढून साधे ६०/५५ चे लावलेत. मी कुरकुर केली, तेव्हा आपण काही न बोलता होल्डरवर मीटर धरलात: १३.५. त्या रात्री त्या साध्या बल्बांनी जो पांढरा, भरलेला उजेड पडला, तो माझ्या मोठ्या बल्बांनी कधीच पडला नव्हता.

एवढ्यावर मी पैसे देऊन निघालो असतो. आपण मात्र अंधार पडेपर्यंत थांबायला लावलेत आणि गाडी रिकामी होती म्हणून शेजारच्या बांधकामावरची वाळूची पोती हौद्यात टाकायला लावलीत. भरलेल्या पिकअपची शेपूट बसते आणि नाक वर होते, त्यामुळे रिकाम्या गाडीवर बरोबर वाटणारा झोत भरल्या गाडीत समोरच्याच्या डोळ्यांत जातो, हे मला इतक्या वर्षांत कोणी सांगितले नव्हते. मग समोरच्या गोदामाच्या भिंतीपासून साडेसात मीटरवर गाडी लावून आपण दिव्यांच्या उंचीची खडूची रेघ मारलीत, तिच्याखाली साडेसात सेंटिमीटरवर दुसरी रेघ, आणि एका दिव्यावर गोणपाट टाकून दुसऱ्याचा झोत पाहिलात. त्या वेळी आपण जी शिवी हासडलीत ती इथे लिहीत नाही. मी ऑनलाइन मागवलेले दिवे उजवीकडून वाहने चालणाऱ्या देशांसाठीचे होते. डिपरच्या उजेडाची कड भिंतीवर उजवीकडे वर चढत होती, म्हणजे ज्या बाजूने समोरचा येतो त्याच बाजूला. आपल्याकडे ती डावीकडे, रस्त्याच्या कडेला चढायला हवी. महिनाभर लोक मला शिव्या का घालत होते, याचा उलगडा तिथे झाला. समोरच्याचे डोळे दिपू नयेत अशी अट १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतही आहे, आणि ती मी दर रात्री नकळत मोडत होतो. आपण कपाटातून आपल्याकडच्या काचेचे दोन जुने दिवे काढलेत, पुसून बसवलेत आणि स्क्रू फिरवून कड खालच्या रेघेवर आणलीत.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, शेवटच्या खेपेला, गगनबावड्याच्या अलीकडे धुके खाली उतरले होते. अप्पर लावला की समोर पांढरी भिंत उभी राहत होती. डिपरवर मात्र कडेची पट्टी गाडीच्या पुढे स्वच्छ दिसत होती, आणि मी तिच्या आधाराने दुसऱ्या गिअरवर वर आलो. वाटेत भेटलेल्या एकाही गाडीने मला दिवे मारले नाहीत. धुक्यासाठी पिवळे बल्ब लावावेत हा आपला आग्रह मात्र मी अजून मानलेला नाही. झोत खाली असणे हे रंगापेक्षा महत्त्वाचे, असे माझे मत झाले आहे, आणि ते आपल्याच शिकवणीतून झाले आहे.

आपण सामानाचे पैसे आणि एका दिवसाची मजुरी, याखेरीज काही घेतले नाही; त्या जुन्या दिव्यांचे तर नाहीच. पायरीची एक पेटी आपल्या मुलीच्या हाती दिली होती, ती पोहोचली असेल. पुढच्या पासिंगच्या आधी गाडी पुन्हा आपल्याकडे आणतो, या वेळी पेट्या भरूनच, म्हणजे वाळूची पोती उचलायला नकोत.

एक विनंती आहे. माझा तो वितळलेला होल्डर आपण काउंटरवर ठेवला असून मोठा बल्ब मागायला येणाऱ्या प्रत्येकाला तो दाखवता, असे आमच्या गावचा एक बागायतदार सांगत होता. खुशाल दाखवा. फक्त तो कोणाच्या गाडीचा आहे, ते सांगू नका.

आपला कृतज्ञ,
जुन्या पिकअपचा मालक,
देवगड तालुका