घशातल्या पुवासाठी जिल्ह्याला कशाला धाडायचं?

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
स. न. वि. वि.

ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधिकारी म्हणून नोकरी करून मी निवृत्त झालो. टॉन्सिलशेजारी गळू झालेला रुग्ण दारातूनच ओळखू येतो. बहुधा तरुण, हातात लाळ पुसायचा रुमाल, कारण थुंकीही गिळवत नाही. तोंडात गरम घास धरल्यासारखं बोलतो. जबडा जेमतेम दोन बोटं उघडतो. बॅटरी मारली की टाळूची एक बाजू फुगलेली आणि पडजीभ दुसरीकडे ढकललेली. एवढं दिसल्यावर सहसा सीटी स्कॅनसाठी थांबावं लागत नाही.

आधी तीन-चार दिवस ‘टॉन्सिल सुजलेत’ म्हणून गोळ्या-इंजेक्शनं झालेली असतात. पण साचलेल्या पुवात औषध नीट पोचत नाही. तो काढावाच लागतो. आणि आम्ही काय करतो? ‘पुढे न्या’ असं लिहून मोकळे होतो. एका मुलाच्या कागदावर मीही तेच लिहिलं. तो मुलगा एसटीनं जिल्ह्याला गेला, दुसऱ्या दिवशी पू निघाला. आठवड्यानं मला भेटून म्हणाला, “साहेब, दोन मिनिटांचं तर काम होतं.”

मग रजा टाकून मी ते काम शिकून आलो. घसा बधिर करायला लिग्नोकेनचा फवारा, पू ओढायला १८ नंबरची सुई. सुईचं टोपण कापून टोक फक्त १ सेंटिमीटर उघडं ठेवायचं, कारण मागे बाहेरच्या अंगाला मेंदूकडे जाणारी मोठी धमनी असते. सिरिंजमध्ये पू आला की निदानही पक्कं. पुढे अँटिबायोटिक, सलाईन, वेदनाशामक. बरेच जण त्याच दिवशी पाणी पितात. श्वासाला घरघर असेल, मान सुजली असेल किंवा रुग्ण लहान मूल असेल, तर मात्र हात न लावता १०८ बोलवावी. हा फरकही शिकवावाच लागतो.

नव्या डॉक्टरांना भीती वाटते, आणि त्यात त्यांची चूक नाही. रक्त आलं तर बाहेर जमाव, आणि पाठीशी कोण? माझ्याकडे तर कपाळावर बांधायचा हेडलाइट नव्हता, सिस्टर बॅटरी धरायच्या. रक्त-पू ओढून घेणाऱ्या सक्शन यंत्राची बरणी तडकलेली, मागणीपत्रं तीन.

तेव्हा हेडलाइट आणि चालू सक्शन द्या, वैद्यकीय महाविद्यालयात आठवड्याचं प्रशिक्षण ठेवा, आणि ‘वैद्यकीय अधिकाऱ्यानं हे करावं’ असा लेखी आदेश काढा. पहिल्या तुकडीला शिकवायला मी येईन. मानधन नको, एसटीचं तिकीट तेवढं द्या.

आपला,
एक निवृत्त वैद्यकीय अधिकारी