नव्या सिक्स्थ फॉर्ममधील पहिल्या आठवड्याबद्दल आभार

ऑगस्टमध्ये जीसीएसईचा, म्हणजे सोळाव्या वर्षाच्या सुमारास होणाऱ्या शालेय परीक्षेचा, निकाल लागला आणि सप्टेंबरच्या आरंभी मी इंग्लंडच्या लेस्टर शहरातील नव्या शाळेच्या सिक्स्थ फॉर्ममध्ये, म्हणजे शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांच्या वर्गांत, दाखल झाले, तेव्हा इयर सेव्हनपासून, म्हणजे माध्यमिक शाळेच्या पहिल्या वर्षापासून, एकत्र शिकलेल्या मुलांचे गट आधीच पक्के झालेले होते. कॉमन रूमच्या दाराशी डबा घेऊन घुटमळणारी मी दिसताच जिने शेजारच्या खुर्चीवरची बॅग उचलून जागा करून दिली आणि माझे अर्धे थालीपीठ आवडीने खाल्ले, तिचे ऋण मोठे आहे. ए-लेव्हल या शाळेच्या अखेरच्या परीक्षेसाठी तिसरा विषय निवडताना माझा गोंधळ उडाला होता. त्या वेळी आपला मोकळा तास खर्चून रसायनशास्त्र पुढे किती अवघड होते हे प्रामाणिकपणे सांगणाऱ्या इयर थर्टीनच्या, म्हणजे शेवटच्या वर्षाच्या, विद्यार्थ्याचे, तसेच चुकीच्या इमारतीतून मला थेट वर्गापर्यंत पोहोचवणाऱ्या सफाई कर्मचारी बाईंचे मी मनःपूर्वक आभार मानते.