ताटातून काय काढलं यापेक्षा काय वाढलं ते बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

व्हीगन, म्हणजे मांस-अंडीच नव्हे तर दूधही वर्ज्य करणाऱ्या, आहाराविषयी जे छापून येतं त्यात एक तर त्याची आरती ओवाळलेली असते, नाही तर टिंगल केलेली. हा आहार घेणारी बहुतेक माणसं मात्र वेगळं खाणाऱ्यांच्याच घरात राहतात आणि आहार टिकतो की फसतो, हे त्या घरातल्या स्वयंपाकावर ठरतं, याकडे दोन्ही बाजूंचं लक्ष नसतं. आहारतज्ज्ञ म्हणून आम्हाला त्याबद्दलच लिहायचं आहे.

मिश्र घरात सर्रास घडतं ते असं. स्वयंपाक सगळ्यांचा एकच होतो. व्हीगन माणूस त्यातलं मांस, अंडी, दूध, चीज बाजूला ठेवतो आणि राहिलेल्यावर जेवण उरकतो. राहतं काय, तर भात किंवा पाव, बटाटा, कच्च्या भाज्या, फळं. पोट भरतं, पण दोन तासांत पुन्हा भूक लागते. काही महिन्यांनी वजन नको तितकं उतरतं, थकवा येतो, आणि घरचे म्हणतात, ‘बघ, आम्ही सांगत होतो.’ त्यांचं निरीक्षण बरोबर असतं, निदान चुकीचं असतं. कारण हा व्हीगन आहार नव्हेच, ही नुसती वजाबाकी आहे. मांसाचा तुकडा ताटात प्रथिनं, लोह, जस्त आणि बी-१२ जीवनसत्त्व घेऊन येतो. तो काढला की या चारही गोष्टींची सोय वेगळी करावी लागते.

सुरुवात प्रथिनांपासून. प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे ०.८ ग्रॅम प्रथिनं पुरतात असं धरलं जातं. वनस्पतींतली प्रथिनं थोडी कमी पचतात, म्हणून पूर्ण वनस्पतिजन्य आहारात ०.९ ते १ ग्रॅम धरावं. म्हणजे ६० किलोच्या माणसाला ५५ ते ६० ग्रॅम. १०० ग्रॅम कोरड्या मसुरात सुमारे २४ ग्रॅम असतात, पण शिजल्यावर पाणी धरल्यामुळे २०० ग्रॅमच्या भरलेल्या वाटीत साधारण १८ येतात. घट्ट टोफूच्या १०० ग्रॅममध्ये बनवण्याच्या पद्धतीनुसार १२ ते १७. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यांत ७ ते ८. हिशेब अवघड नाही: दोन्ही मुख्य जेवणांत एकेक भरलेली वाटी कडधान्य किंवा त्याच्या तोडीचा टोफू, मधल्या वेळी दाणे, आणि बाकीचं धान्यांतून येतं. धान्यांत लायसिन हे अमायनो आम्ल कमी असतं आणि ते डाळी-कडधान्यांत भरपूर असतं, म्हणून दोन्ही लागतात. ती एकाच घासात हवीत हा समज जुना झाला. दिवसभरात मिळाली की झालं. आमटीसारखं पातळ वरण म्हणजे कडधान्याची वाटी नव्हे, एवढं मात्र लक्षात ठेवावं. त्यात डाळ थोडी आणि पाणीच फार असतं.

घरात दोन स्वयंपाक करायला कुणालाच वेळ नसतो आणि करावेही लागत नाहीत. मूळ पदार्थ वनस्पतिजन्य ठेवायचा आणि फाटा शेवटी फोडायचा. कांदा, टोमॅटो, मसाला, भाज्या, कडधान्य तेलात शिजवून व्हीगन वाटा आधी काढून घ्यावा; मग उरलेल्यात लोणी, मलई, चीज किंवा वेगळं शिजवलेलं मांस घालावं. क्रम उलटला की मार्ग बंद होतो, कारण घातलेलं लोणी काढता येत नाही. तळण असेल तर व्हीगन पदार्थ पहिल्या घाण्यात. सूपचा आधार हाडांच्या अर्काऐवजी भाज्यांचा ठेवला तर बाकीच्यांना फारसा फरक कळत नाही, आणि व्हीगन माणसाला अख्खं पातेलं मोकळं होतं.

कडधान्य रोज भिजत घालायला विसरतं, हे तर ठरलेलंच. अर्धा किलो कोरडं कडधान्य शिजून सव्वा किलोच्या आसपास होतं. ते वाटी-वाटीच्या मापानं फ्रीझरमध्ये ठेवलं की ऐन वेळी पावावर भागवायची पाळी येत नाही. राजम्याबाबत मात्र सावध राहा. त्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विषारी प्रथिन असतं. किमान पाच तास भिजवून, ते पाणी फेकून, नव्या पाण्यात निदान दहा मिनिटं खळखळून उकळल्यावरच ते निकामी होतं. त्यानंतर मऊ होईपर्यंत शिजवावं. मंद आचेच्या विजेच्या भांड्यात कच्चा राजमा टाकून दिवसभर ठेवला तर उष्णता तेवढी चढतच नाही. अर्धवट शिजलेले चार-पाच दाणेही तीन तासांच्या आत उलट्या करवू शकतात. पोट फुगण्याची तक्रार निराळी. तंतुमय अन्न एकदम वाढवलं की ती होतेच. पहिले दोन-तीन आठवडे अर्धी वाटी, तीही सालं काढलेल्या डाळींची, आणि सोबतीला टोफू असं करत प्रमाण वाढवावं आणि पाणी जास्त प्यावं.

आता बी-१२. यात सवलत नाही. हे जीवनसत्त्व वनस्पती तयार करत नाहीत आणि प्राणीही करत नाहीत. ते जीवाणू करतात. ‘संतुलित खाल्लं की सगळं मिळतं’ हे वाक्य इथे खोटं ठरतं. रोजची गरज जेमतेम २.४ मायक्रोग्रॅम. मग गोळीत १००० कशाला, असं लोक विचारतात. उत्तर शोषणात आहे. एका वेळी आतड्यातल्या मुख्य वाटेनं दीड ते दोन मायक्रोग्रॅमच आत जातं आणि त्याहून जास्तीचं जे उरतं त्यातलं सुमारे एक टक्का आपसूक झिरपतं. म्हणून रोज घ्यायची असेल तर २५ ते १०० मायक्रोग्रॅमची सायनोकोबालामिनची (गोळीतल्या बी-१२ चं नाव) गोळी चालते, आणि आठवड्यातून दोनदाच घ्यायची तर १००० ची लागते. बी-१२ घातलेल्या वनस्पतिजन्य दुधावर किंवा सीरियलवर भिस्त ठेवायची तर ते दिवसातून दोन-तीनदा, न चुकता, खावं लागतं. ते फार थोड्यांना जमतं.

घोळ असा होतो की यकृतात काही वर्षं पुरेल इतका साठा असतो. दूध-अंडी सोडून दोन वर्षं झाली, काही बिघडलं नाही, म्हणजे गोळीची गरज नाही, असा निष्कर्ष माणूस काढतो. खरं तर तो तेव्हा जुनी शिल्लक मोडून खात असतो. त्यात पालेभाज्या आणि कडधान्यांतून फोलेट भरपूर मिळत असल्यामुळे रक्तक्षय झाकला जातो आणि पहिली खूण थेट मज्जातंतूंची येते: पायांना मुंग्या, तोल जाणं, विसराळूपणा. ते नुकसान उशिरा लक्षात आलं तर पूर्ण भरून येईलच असं नाही. स्पिरुलिनाची भुकटी यावर उपाय म्हणून विकली जाते. त्यातलं बहुतांश बी-१२ हे नकली रूप असतं. शरीराला ते निरुपयोगी, आणि काही रक्तचाचण्यांत मात्र खऱ्यासारखं मोजलं जातं. शंका असेल तर मिथाइलमॅलोनिक आम्लाची चाचणी खरं काय ते सांगते. कमतरता आधीच असेल तर वरचे डोस पुरत नाहीत. उपचार डॉक्टरांकडूनच घ्यावेत. जाता जाता: पन्नाशीनंतर अन्नातलं बी-१२ शोषण्याची ताकद बऱ्याच जणांची कमी होते, आणि मधुमेहावरचं मेटफॉर्मिन व आम्लपित्तावरच्या काही गोळ्याही ती घटवतात. तेव्हा घरातल्या मांसाहारी ज्येष्ठांनीही तपासून घ्यायला हरकत नाही.

हाडांचा प्रश्न टीकाकार उगाच काढत नाहीत. ब्रिटनमधल्या एपिक-ऑक्सफर्ड या दीर्घ अभ्यासाच्या २०२० मधल्या निष्कर्षांत व्हीगन गटात अस्थिभंगाचं प्रमाण मांस खाणाऱ्यांपेक्षा ४३ टक्क्यांनी जास्त निघालं. कमी कॅल्शियम आणि कमी प्रथिनं यांनी त्यातला काही भाग उलगडतो, सगळा नाही. व्हीगन मंडळींनी ही आकडेवारी नाकारण्यापेक्षा कॅल्शियमचा हिशेब मांडावा. गरज दिवसाला १००० मिलिग्रॅम. पालकात कॅल्शियम दिसतं खरं, पण कॅल्शियमला धरून ठेवणाऱ्या ऑक्झलेटमुळे त्यातलं पाच टक्क्यांच्या आसपासच शोषलं जातं. ब्रोकोली आणि केल यांतलं निम्म्याच्या जवळपास. सर्वांत सोयीचं म्हणजे कॅल्शियम घातलेलं सोया दूध: १०० मिलिलिटरला १२० मिलिग्रॅम असेल तर मोठ्या पेल्यात ३०० मिळतं. कॅल्शियम तळाशी बसतं, म्हणून खोका दर वेळी जोरात हलवावा. न हलवता ओतणारा महिनाभर पांढरं पाणी पितो आणि कॅल्शियम खोक्याबरोबर कचऱ्यात जातं. ‘सेंद्रिय’ छापाच्या दुधांत बहुधा ते घातलेलंच नसतं, घरी केलेल्या दुधात तर प्रश्नच नाही. बदामाच्या दुधात प्रथिनं १०० मिलिलिटरला अर्ध्या ग्रॅमच्या आसपास, सोयाच्या दुधात तीन. रंग सारखा म्हणून दोन्ही सारखी समजू नयेत. टोफू घेताना तो कॅल्शियम सल्फेटनं घट्ट केला आहे का ते पाहावं. खोबरेल तेलापासून केलेल्या व्हीगन चीजमध्ये संपृक्त चरबी मुबलक आणि प्रथिनं जवळजवळ शून्य. हौस म्हणून ठीक, पर्याय म्हणून नव्हे.

आयोडीन हे मिश्र घरातलं छुपं दुखणं. बाकीच्यांना ते दुधातून, अंड्यांतून, माशांतून मिळत असतं, त्यामुळे घरात सैंधव किंवा साधं समुद्री मीठ आलं तरी त्यांचं अडत नाही. व्हीगन माणसाचं अडतं. मीठ आयोडीनयुक्तच वापरावं, मात्र वाढवू नये. केल्पसारख्या समुद्री शेवाळाच्या गोळ्यांत आयोडीन इतकं जास्त असू शकतं की थायरॉइड उलट बिघडतो.

लोहासाठी कडधान्याच्या जेवणातच लिंबू, संत्रं, ढोबळी मिरची असं काही तरी असावं आणि चहा-कॉफी तासाभरानं घ्यावी. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारा रक्तातला आकडा) तपासल्याशिवाय लोहाच्या गोळ्या सुरू करू नयेत. ओमेगा-३ साठी जवस खायचं तर ते दळूनच खावं, अख्खं तसंच बाहेर पडतं. दळलेलं एक मोठा चमचा रोज, आणि भुकटी फ्रीजमध्ये. ड जीवनसत्त्वाच्या गोळ्यांतलं ड-३ बऱ्याचदा मेंढीच्या लोकरीतल्या चरबीपासून काढतात. दगडफुलापासून केलेलं ड-३ किंवा ड-२ मिळतं.

वेष्टनावर केसिन आणि व्हे (दोन्ही दुधातली प्रथिनं), जिलेटिन (प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासूनचं), ई १२० (किड्यांपासूनचा लाल रंग) आणि ई ९०४ (लाख) ही नावं शोधावीत. ‘नॉन-डेअरी’ क्रीमरमध्येही सोडियम केसिनेट हे दुधाचं प्रथिन असू शकतं. ‘दुधाचे अंश असू शकतात’ ही सूचना ॲलर्जी असलेल्यांसाठी असते. त्यावरून पदार्थ व्हीगन नाही असं ठरत नाही. उलट बाजूही तितकीच महत्त्वाची: घरात कुणाला दुधाची ॲलर्जी असेल तर नुसत्या व्हीगन चिन्हावर विसंबणं धोक्याचं. भांडी वेगळी हवीत का, हा प्रश्न तत्त्वाचा आहे, पोषणाचा नाही. स्वच्छ धुतलेल्या तव्यानं काही बिघडत नाही. तरी मन घेत नसेल तर एक तवा, एक पळी आणि फ्रीजचा एक कप्पा पहिल्याच आठवड्यात ठरवून घ्यावा. रोजच्या जेवणावेळी हा वाद काढला की घर कंटाळतं.

जेवणाच्या वेळी दुसऱ्याच्या ताटावर भाष्य करू नये. इथे आमचं मत ठाम आहे. प्राण्यांबद्दल बोलायचं असेल तर जेवण आटोपल्यावर, कुणी विचारलं तर. पाहुणे म्हणून जायचं असेल तर दोन-तीन दिवस आधी कळवावं, आणि ‘मला काहीही चालेल’ असं म्हणू नये, कारण त्याचा अर्थ यजमानाला कच्ची काकडी असा लागतो. त्यापेक्षा ‘मी चण्यांचा एक पदार्थ सगळ्यांना पुरेल इतका आणतो’ म्हणावं. स्वतःपुरता डबा नेला तर वेगळेपण ठसतं, सगळ्यांपुरता नेला तर तो संपतो.

गरोदरपण, स्तनपान आणि लहान मुलं यांच्या बाबतीत घरच्यांची काळजी उडवून लावू नये. अमेरिकेतल्या अकॅडमी ऑफ न्यूट्रिशन अँड डायटेटिक्स या आहारतज्ज्ञांच्या संघटनेची शाकाहारी व व्हीगन आहाराबाबतची २०२५ ची भूमिकाही प्रौढांपुरतीच आहे. गरोदर आणि स्तनदा स्त्रिया तिच्या कक्षेत नाहीत. मुलांचं पोट लहान आणि तंतुमय जेवण अवजड, त्यामुळे उष्मांक पुरे पडण्याआधीच पोट भरतं. त्यांना दाण्यांचं किंवा तिळाचं लोणी, टोफू आणि तेल सढळ लागतं. वर्षाच्या आतल्या बाळाला आईच्या दुधाऐवजी किंवा फॉर्म्युलाऐवजी बदाम, ओट वा तांदळाचं दूध मुळीच देऊ नये. या सर्वांनी आहारतज्ज्ञांच्या देखरेखीशिवाय बदल करू नयेत. बाकीच्यांनी सुरुवातीलाच हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व तपासून आकडे लिहून ठेवावेत, सहा महिन्यांनी पुन्हा तपासावेत, आणि दोन्ही कागद घरच्यांना दाखवावेत.

आपले,
दोन आहारतज्ज्ञ