वाए रेबोच्या वाटेवर भेटलेल्यांचे आभार

इंडोनेशियातील फ्लोरेस बेटावरचे वाए रेबो हे मांगराई लोकांचे डोंगरातले गाव तेथील 7 शंकूच्या आकाराच्या, जवळजवळ जमिनीला टेकेपर्यंत शाकारलेल्या घरांसाठी ओळखले जाते. या घरांच्या जतनकार्याला 2012 मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागाचा वारसा पुरस्कार मिळाला. तेथे वाहन पोहोचत नाही; जंगलातली चढण पायीच चढावी लागते.

परतताना पावसाने निसरड्या झालेल्या वाटेवर माझ्या पत्नीचा पाय मुरगळला आणि तिला उभे राहणेही अशक्य झाले. कॉफीची पोती घेऊन खाली निघालेल्या दोन तरुणांनी काहीही न विचारता आपले ओझे झाडाखाली ठेवले, तिला आळीपाळीने पाठीवर घेऊन रस्त्यापर्यंत उतरवले आणि मग त्या पोत्यांसाठी तीच वाट पुन्हा चढून गेले. (माझ्याच्याने रिकाम्या हातांनीही ते झाले नसते.) त्यांच्या सोबतच्या आजींनी स्वतःच्या खांद्यावरचे विणलेले वस्त्र पत्नीच्या पायाला घट्ट बांधले आणि परत देऊ लागलो तेव्हा हाताने खूण करून ते तसेच राहू द्यायला सांगितले.

त्यांची नावे विचारायचे राहून गेले. त्या तिघांचे आम्ही दोघे मनापासून आभारी आहोत.