62 च्या बोरबद्दल एक शब्द नाही

प्रिय सोन्या,

अनेक आशीर्वाद. तुझी बायोडेटाची पीडीएफ काल रात्री सेकंड शिफ्टवरून आल्यावर बघितली, सकाळी चष्मा लावून परत नीट वाचली, आणि खरं सांगतो, त्यात तू मला कुठंच सापडला नाहीस. हार्डवर्किंग, क्विक लर्नर, टीमवर्क, सीएनसी मशीनचं नॉलेज. हे कुणाच्याही नावाखाली चालेल रे. ऍप्रेंटिसचं वर्ष आणि नंतरची दोन वर्षं तू मशीनवर उभा राहून काढलीस, ती कुठं गेली त्या कागदात?

मागच्या महिन्यात आमच्याकडं शिरोलीत सेटरची, म्हणजे मशीन लावून देणाऱ्याची, एक जागा निघाली, तेव्हा मॅनेजर साहेबांनी मला अर्ज बघायला बसवलं, कारण शेवटी मशीनवरची ट्रायल मीच घेतो. मोठा गठ्ठा होता. मी फक्त तीन गोष्टी शोधत होतो, मशीन कुठली, तिला चालवणारा कंट्रोल कुठल्या कंपनीचा आणि मापायला काय काय वापरलंय, आणि बहुतेकांच्यात यातलं एकही नाही. ती पोरं काय वाईट नसणार, त्यातली चारपाच तरी हाताची चांगली असणारच, पण मला कळणार कसं? बाजूला ठेवली. त्याचं मला अजून वाईट वाटतंय. एकानं मात्र लिहिलं होतं, टर्निंग सेंटर, फॅनक कंट्रोल, दोन वर्षं, सॉफ्ट जॉ, म्हणजे जॉब पकडणारे मऊ जबडे, स्वतः बोअर करतो. बास, त्याला पहिला फोन लावला. जॉ स्वतः बोअर करणाऱ्याला कळलेलं असतं की जॉबच्याच, म्हणजे बनवायच्या पार्टच्याच, डायमीटरला, त्याच प्रेशरवर, आत रिंग पकडून जॉ बोअर केले तरच रनआउट, म्हणजे फिरतानाचा डगमग, मापात येतो. त्या अर्ध्या ओळीनं मला सांगितलं की हा नुसतं बटण दाबणारा नाही. इंजिनिअरिंगला किती टक्के, छंद काय, मी बघितलंसुद्धा नाही.

आता तुझं बघ. दिवाळीत घरी आलेलास तेव्हा जेवताना तू मला तासभर त्या बेअरिंग हाउसिंगबद्दल सांगत होतास, आठवतंय? 62 एच7 चा बोर, म्हणजे आतल्या गोल भोकाचं माप 62.000 पासून 62.030 मिलिमीटरपर्यंत, 30 मायक्रॉनमध्ये सगळा खेळ, आणि रोज फर्स्ट शिफ्टला सुरुवातीचे पीस साईजच्या बाहेर जायचे आणि दहानंतर आपोआप नीट यायला लागायचे. सगळे इन्सर्टला, म्हणजे कापणाऱ्या टिपेला, दोष देत होते. तूच म्हणालास मशीन थंड असते, स्पिंडल आणि बॉल स्क्रू गरम होईपर्यंत साईज सरकत राहणार, आणि मग तू सकाळी वीस मिनिटं वॉर्मअप चालवायला लागलास, पहिले पाच पीस भोक मापायच्या बोअर गेजनं सगळे मापायचास आणि पाच-पाच मायक्रॉननं वेअर ऑफसेट देऊन, म्हणजे मशीनला टूल तेवढं सरकवायला सांगून, साईज धरायचास. त्या दिवशी मी आईला रात्री म्हटलं, पोरगं शिकलं. आणि त्या 62 च्या बोरबद्दल बायोडेटात एक शब्द नाही! तिथं लिहिलंय, मशीन ऑपरेटिंग.

तोच पहिल्या ओळीत घाल. सीआय (बिडाचं) कास्टिंग, बेअरिंग हाउसिंग, 62 एच7 बोर, बोअर गेज, फॅनक. रिजेक्शन किती कमी झालं ते तू वहीत लिहून ठेवायचास, वही असेल तर त्यातला आकडा घाल, नसेल तर अंदाजानं काहीतरी टाकू नकोस, कारण समोरचा विचारणार कसं मोजलंस आणि मग तुझ्या खऱ्या कामावरही त्याचा विश्वास बसायचा नाही. गिऱ्हाईक पार्टीचं नाव, पार्ट नंबर, ड्रॉइंगचा फोटो यातलं काही देऊ नकोस, ते कंपनीचं आहे, तुझं नाही. साईज आणि काम सांगितलं की जाणकाराला पुरतं.

तू फोनवर म्हणालास की असं नेमकं लिहिलं तर बाकीचे बोलवणार नाहीत, म्हणून सगळं मोघम ठेवलंय, कुठलंही काम चालेल म्हणून. मीही हेच केलं होतं म्हणून सांगतो. 1994 साली मी चिंचवडला एका वर्कशॉपमध्ये गेलो, आयटीआय टर्नर, फोरमननं विचारलं काय येतं, मी म्हटलं सगळं येतं साहेब, काहीही द्या. त्यानं काहीही दिलं. आठ महिने मी कास्टिंग उचलून मशीनजवळ नेऊन ठेवत होतो आणि कडेची धारदार बर काढत होतो. मग एक दिवस टर्नर आला नाही आणि मेट्रिक आट्यांचा एक अर्जंट जॉब होता. तिथली लेथ जुनी, आटे पाडताना टूल ओढणारा लीड स्क्रू इंचातला, 4 टीपीआयचा, म्हणजे इंचाला चार आटे. मी 127 दातांचा गिअर शोधून लावला आणि शेवटपर्यंत लीड स्क्रूला धरणारा हाफ नट न उघडता, दर कटला मशीन उलटी फिरवून मागं आणत आटे काढले. फोरमन मागं उभा राहून बघत होता. जॉब झाल्यावर म्हणाला, हे येतं तर आलास त्या दिवशीच का नाही बोललास? माझ्याकडं उत्तर नव्हतं. मला वाटलेलं आयटीआय म्हटलं की त्यांना समजतं. त्यांना कसं समजणार, आमच्या बॅचमध्ये कितीतरी जणांनी आटे फक्त वहीत काढले होते.

तेव्हा हो, नेमकं लिहिलंस तर काही जण बोलवणार नाहीत. ते ज्या कामाला बोलवणार होते ते लोडिंगचं होतं, तिथं तुला जायचं नाहीये. भोसरी-चाकणला गेटवरचे बोर्ड तू रोज बघतोस, सीएनसी ऑपरेटर, व्हीएमसी (उभ्या मिलिंग मशीनचा) ऑपरेटर, सेटर, हेल्पर, सगळं वेगवेगळं लिहिलेलं असतं, मग तू एकाच शब्दात कसा मावशील?

आणि जे येत नाही तेही सरळ लिही. व्हीएमसीवर तू पंधराच दिवस होतास, तर तेवढंच सांग, पंधरा दिवस, लोडिंग आणि टूल ऑफसेट. प्रोग्रॅम पहिल्यापासून स्वतः लिहिलेला नाहीस, पण चालू प्रोग्रॅममध्ये फीड-स्पीड बदलतोस, ऑफसेट देतोस, जी71 चा रफिंग सायकल, म्हणजे जादा माल काढायचा कोड, वाचता येतो, तसंच लिही. मी ट्रायल घेताना पहिलं काय करतो सांगू का, हातात मायक्रोमीटर देतो आणि मापायच्या आधी तो त्याचा झिरो बरोबर आहे का ते तपासतो का, हे बघतो. ज्यानं सगळं येतं म्हणून लिहिलंय तो तिथंच घाबरतो. ज्यानं मोजकं लिहिलंय तो मोकळा असतो, आणि जे येत नाही ते शिकवायला मलाही बरं वाटतं.

फोनवर ठेकेदारानं विचारलं तरी हेच. दोन वर्षं अनुभव आहे एवढ्यावर थांबू नकोस, दोन वर्षं टर्निंग सेंटर, सीआयचे जॉब, एच7 चे बोर, सॉफ्ट जॉ स्वतः करतो, सेटिंग अजून सेटरच्या हाताखाली करतो असं एका दमात सांग. जॉ तू करतोस ना स्वतः? केले असशील तर लिही, नसतील तर पुढच्या सुट्टीत इकडं ये, माझ्या ओळखीच्या छोट्या वर्कशॉपमध्ये रविवारी मशीन मोकळी असते, दोन रविवारात हात बसेल.

आई विचारत होती खोलीचं भाडं किती दिवसाचं राहिलंय, लाजू नकोस, सांग, या महिन्याचं मी पाठवतो म्हणजे तू घाईघाईत मिळेल ते धरणार नाहीस.

नवीन पीडीएफ आज रात्रीपर्यंत टाक. मी परत सेकंडलाच आहे, शॉपवर मोबाईल बघता येत नाही, घरी आलो की वाचतो आणि काही असेल तर व्हॉइस मेसेज करतो.

तुझा,
पप्पा