मुलांना दिसले तेच काढू द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

शाळांत स्मार्ट बोर्ड आले, पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आले, म्हणून जीवशास्त्राचा तास जिवंत झाला असे आपण धरून चालतो. ग्रामीण भागात अनेक वर्षे विज्ञान शिकवल्यावर मला हे पटत नाही. पडद्यावर पेशी गोल फिरते, मुले बघतात, तास संपतो. सूक्ष्मदर्शक मात्र फुटेल या धास्तीने कपाटात कुलूपबंद राहतो.

माझा एक तास सांगते. कुंडीतल्या ऱ्हिओ या शोभेच्या झाडाच्या पानाची खालची जांभळी साल प्रत्येकाने स्वतः सोलली आणि काचपट्टीवर ठेवली. पेशी दिसल्या, पर्णरंध्रे दिसली. मग मिठाच्या पाण्याचा थेंब सोडला. थोड्या वेळात जांभळा रंग पेशीभित्तिकेपासून सुटून मधोमध गोळा होऊ लागला. साधे पाणी घातले तसा पुन्हा पसरला. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “बाई, कैरीला मीठ लावल्यावर पाणी सुटतं, ते असंच का?” परासरणाची, म्हणजे पाणी पातळ पडद्यातून कमी खारटाकडून जास्त खारटाकडे जाते त्याची, व्याख्या मी त्यानंतर फळ्यावर लिहिली. त्या वर्गाकडून ती घोकून घ्यावी लागली नाही.

सूक्ष्मदर्शक परवडत नाही, ही सबबही आता लंगडी आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील मनु प्रकाश आणि सहकाऱ्यांनी घड्या घालून बनवायचा कागदी ‘फोल्डस्कोप’ तयार केला. तो सुमारे १४० पट मोठे दाखवतो, डबक्यातल्या पाण्यातले सूक्ष्मजीव पाहायला तेवढे पुरते. हातातून पडला तरी बिघडत नाही, दप्तरात मावतो.

पडद्याला माझा विरोध नाही. धडधडत्या हृदयाच्या झडपा वर्गात दुसऱ्या कशाने दाखवणार? बेडकाचे विच्छेदन मागे पडले ते योग्यच झाले, तिथे संगणकच हवा. पण कांद्याची पात, बुरशी आलेली भाकरी, शेवाळ हे सगळे गावात फुकट असताना त्यांचीही चित्रफीतच का दाखवावी?

शिक्षण विभागाला एकच विनंती आहे. प्रयोगवहीतले गुण पुस्तकातून उतरवलेल्या सुबक आकृतीला न देता, मुलाने स्वतः पाहून काढलेल्या आकृतीला द्यावेत. कांद्याच्या पापुद्र्याची आकृती काढताना माझ्या एका विद्यार्थ्याने पेशींमध्ये मोठमोठी काळ्या कडांची वर्तुळे काढली होती. ते हवेचे बुडबुडे होते. त्याला तेच दिसले होते. मी त्याला पूर्ण गुण दिले आणि काचपट्टी पुन्हा करायला लावली.

आपली विश्वासू,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका, जि. सातारा